सानगडीच्या वाटेवरचा म्होरक्या

आम्ही पाच मित्र दर रविवारी भंडाऱ्याहून मोटारसायकली काढतो आणि सगळ्यात पुढे कोण, यावर दर वेळी भांडतो. त्या रविवारी सानगडीच्या वाटेवर मी हट्टानं पुढे झालो. सगळे शिस्तीत मागे येतात ना, हे बघायला रुबाबात मान वळवली, आणि अर्ध्या रस्त्यावर वाळत घातलेल्या धानात माझं चाक शिरलं. गाडी आडवी झाली, मी धानावर पालथा.

राखणीला बसलेल्या काकूंनी आधी धानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लागलं का बाबू?"

"नाही काकू."

"मंग ऊठ, अन् होतं तसं पसरवून दे."

हेल्मेट घालूनच मी पायांनी धान सारखं करू लागलो. मित्र सावलीत बसून बघत होते.

"पाय सरळ ओढ ना बे," एकानं शिकवलं.

माझं होत आलं तशा काकू म्हणाल्या, "हात बसला हाय तं तिकडचं बी पलटवून टाक."

निघताना मी मुकाट्यानं शेवटी जाऊन उभा राहिलो.

"मागं काहून गेला?" मित्र म्हणाले. "तूच राह्य पुढं. रस्त्यावर धान कुठं हाय, ते आमाले लवकर समजते."