दोन्हीकडे चालतील असे पॅड

लग्न होऊन मी लोधिवलीजवळच्या गावात आले, तेव्हा सासरी भातशेती होती, म्हशी होत्या, हायवेला लागून यजमानांचं गॅरेज होतं आणि दारात दोनच माणसांची जागा असलेली एक लाल मोटार होती. माहेर कर्जतचंच, त्यामुळे चिखल, शेण, म्हशी यांची मला सवय होती. त्या मोटारीनं मात्र मला जेरीला आणलं.

कुणी गोरा साहेब देश सोडून जाताना ती मुंबईत टाकून गेला होता. ह्यांनी ती ट्रकला बांधून ओढत आणली आणि खटपट करून चालती केली. वर्षातून काही रविवारी हे तिला मुंबईकडच्या एका जुन्या धावपट्टीवर शर्यतीला नेत. बाकीचे दिवस तीच घरची गाडी. तिच्यातून खताची गोणी यायची, दळण जायचं, सासूबाई दातांच्या डॉक्टरकडे जायच्या आणि मी माहेरी जायची. दुसरी गाडी घ्यायची ऐपत नव्हती आणि ही विकायचं नाव काढायची सोय नव्हती. त्यामुळे घरातली निम्मी भांडणं ब्रेकच्या पॅडवरून होत.

त्या गाडीच्या पुढच्या चाकांना लोखंडाच्या उघड्या तबकड्या होत्या. हे त्यांना डिस्क म्हणत. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड तबकडीला चिमट्यासारखे धरत. मऊ पॅड घातले की गाडी रस्त्यावर शहाण्यासारखी थांबायची, पण शर्यतीत थोड्याच फेऱ्यांत ते इतके तापत, की पाय खाली टेकला तरी गाडी आपली चाललेलीच. कडक पॅडचं उलटं. ते जितके तापत तितके घट्ट धरत. पण थंडीच्या सकाळी त्यांना धरायला सांगणं म्हणजे झोपेतल्या माणसाला ओझं उचलायला सांगणं. शिवाय ते असे किंचाळत, की शेजारीण ओट्यावरूनच हाळी द्यायची, "चहा टाक गं, तुझा धनी आला."

म्हणून शर्यतीच्या आदल्या दिवशी कडक पॅड चढायचे आणि शर्यत झाली की उतरायचे. दर वेळी ब्रेकचं तेलही बदलायचं आणि नळीतली हवा काढायची. ते काम एकट्याचं नाही. एकानं खाली झोपून स्क्रू सैल करायचा आणि दुसऱ्यानं वर बसून पेडल दाबायचं. दुसरी अर्थात मी. "दाब. धर. सोड." गाडीखालून एवढंच ऐकू यायचं. त्या काळात आम्हा नवराबायकोचं पुष्कळसं बोलणं एवढंच होतं. चुलीवर भात करपायचा, सासूबाई आतून पुटपुटायच्या आणि माझी पोटरी भरून यायची. मला त्या गाडीचा कंटाळा आला होता. राग येऊन जातो, कंटाळा घरातच मुक्काम करतो.

पुढं ह्यांनाही ती उठाठेव नकोशी झाली. दिवाळीनंतरच्या एका शर्यतीवरून आले आणि कडक पॅड उतरवलेच नाहीत. "दोन-चार दिवस ऱ्हाऊ दे," म्हणाले. त्यातल्याच एका सकाळी मला माहेरी सोडायला निघाले. कर्जतच्या रस्त्यावर वळणापलीकडे म्हशी आडव्या आल्या. ह्यांनी ब्रेक दाबला, पॅड नुसते किंचाळले, आणि आम्ही बांधावरून उतरून थेट भाताच्या पेंढ्यांच्या उडवीत घुसलो. कुणाला लागलं नाही. पेंढा माझ्या केसांत, ब्लाऊजमध्ये, तोंडात. गुराखी पोट धरधरून हसला. हेही हसले. मला हसू आलं नाही, कारण दिवस गेल्याची शंका मला त्याच आठवड्यात आली होती आणि मी ती अजून कुणाला सांगितली नव्हती.

रस्त्यावर उभ्या-उभ्याच मी ती सांगितली. बातमी द्यायची ही काही रीत नव्हे, पण मला राहवलंच नाही.

"माझं पोर या गाडीत बसनार नाय," मी म्हटलं. "एक तं रस्त्याचे पॅड ठेवा, नायतं शर्यतीचे. तुमी ठरवा."

हे बराच वेळ पेंढा झाडत राहिले. मग म्हणाले, "दोनी कामं करतील असे पॅड असतात गं. मी हुडकतो. नाय गावले तं शर्यत सोडली. तुझ्या गळ्याशप्पथ."

त्यानंतर ह्यांचं हुडकणं सुरू झालं. मुंबईला जाऊन हे जुन्या बाजारातून पॅड आणत आणि ओट्यावर मांडून एकेक नखानं खरवडत, वास घेत, कानाशी धरून टिचकी मारत. सासूबाई म्हणायच्या, "बाईल बगाया गेलास तवा एवडं बगितलं नवतंस रं." एक जोडी आठवडाभरात झिजून गेली. दुसरीनं तबकडीवर चरे पाडले, आणि तबकडीला धक्का म्हणजे ह्यांच्या जिवाला धक्का. तसली तबकडी आपल्याकडे कुठंच मिळत नव्हती. एकदा ती गेली की संपलं. मी रोज मनातल्या मनात म्हणायची, न मिळोत ते पॅड. तेही आता मला थकवायला लागलं होतं.

पाचवा महिना लागला तेव्हा हे मला लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायला घेऊन गेले. पुढच्या रविवारी मोसमातली शेवटची शर्यत होती. परत येताना खंडाळ्याजवळ म्हणाले, "सकाळी गॅरेजातल्या माणसाला पेडलवर बसवून नवीन पॅड घातलेत. काय फरक वाटतोय का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोटुशा बाईला गाडीत घालून घाटात पॅडची परीक्षा! तोंडाला येईल ते मी बोलले. हे ऐकत होते, पण अर्धा कान चाकांकडे. शिंग्रोबाच्या देवळापाशी रिवाजाप्रमाणे खिडकीतून नाणं टाकलं आणि खालच्या उतारांना लागले. वळण आलं की मुद्दाम उशिरा ब्रेक, सरळ रस्ता लागला की पुन्हा वेग. मी दार घट्ट धरलं होतं. पण खरं ते सांगायला हवं. गाडी दर वेळी थांबली. वर थंड असताना पहिल्या दाबात थांबली आणि खाली चाकांतून धूर निघत असतानाही तितकीच थांबली. किंचाळली नाही. ह्यांचं तोंड लहान मुलासारखं झालं होतं. "गावले गं," म्हणाले. "शर्यतीलाबी हेच, तुला आनी पोराला फिरवायलाबी हेच." आणि मला, एवढी चिडलेली असूनही, बरं वाटलं. वाटलं, चला, कुणाला काही सोडावं लागलं नाही.

घाट उतरला की हे कधी थांबत नसत. तापलेली तबकडी चालत्या वाऱ्यावर निवू द्यायची, म्हणून हळूहळू थेट घरापर्यंत जायचे. पण त्या दिवशी घाटातल्या वळणांनी माझ्या पोटात ढवळून आलं. "थांबा," मी म्हटलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि खोपोलीच्या अलीकडे चहाच्या टपरीपाशी गाडी उभी केली.

तिथं सगळे ट्रक थांबत. घाट उतरलेल्या गाडीच्या चाकांतून धूर दिसला की टपरीवाल्यांनी बादलीभर पाणी मारायचं, अशी तिथली पद्धत होती. विचारायचं नाही, पैसे घ्यायचे नाहीत. ट्रकचा ब्रेक जाड ड्रमच्या आत असतो, त्याला ते चालून जातं. हे एरवी लांबूनच हात करून नको म्हणत. त्या दिवशी मी रस्त्याकडेला वाकले होते आणि ह्यांचा एक हात माझ्या कपाळाला होता, दुसरा पाठीवर.

टपरीवाल्या मावशींनी धूर बघितला आणि बादली उचलली.

टण् असा आवाज झाला, मग फसफस वाफ. माझ्या पाठीवरचा हात थांबला. उचलला मात्र नाही. मी पुरती सावरेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग जाऊन चाकाशी बसले. तबकडीला आरपार चीर गेली होती.

"निवली का रं दादा?" मावशींनी विचारलं.

"निवली मावशी," हे म्हणाले. "बरं केलंत."

मावशींनी मला लिंबू चिरून दिलं, ह्यांना चहा दिला. ह्यांनी तो सगळा प्यायला. गाडी तिथंच ठेवून आम्ही एसटीनं घरी आलो. वाटेत हे मला लागेलसा एक शब्दही बोलले नाहीत, पुढंही कधी बोलले नाहीत. बोलले असते तर मला उलट भांडता आलं असतं.

तो रविवार आला. शर्यतीच्या दिवशी हे उजाडायच्या आत गेलेले असत. त्या दिवशी उन्हं अंगणात आली तरी घरातच होते. आंघोळ झालेली, धुतलेला सदरा घातलेला, आणि जायला कुठं नाही. ओट्यावर बसले, उठले, म्हशींना पाणी दाखवून आले, पुन्हा बसले. मग पिशवी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले.

"बाजारात चाललोय," म्हणाले. "भाजी काय आनू?"

लग्न झाल्यापासून त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं. अशाच नवऱ्यासाठी मी एवढी भांडले होते. ते दारात पिशवी धरून उभे राहिले, आणि काही केल्या मला एकाही भाजीचं नाव आठवेना.