पुसण्याआधी वाचणारा

शाळेची भिंत मी एका चिप्सच्या कंपनीला देऊन टाकली, कारण ती फुकट रंगवून मिळत होती. आमची शाळा तळोद्याच्या वरच्या पाड्यावर. भिंतीवर मुलांच्या आयांना विचारून लिहिलेले त्यांच्या घरच्या पावरी बोलीतले शब्द होते आणि शेजारी मराठी. पहिलीची मुलं त्यावरच वाचायला शिकायची.

कंपनीने नंदुरबारहून पेंटर पाठवला. त्याचं नाव मी विचारलं नाही; कंपनीच्या फोटोसाठी भांग पाडण्यात गुंतलो होतो. ब्रश तो डाव्या अंगठ्याच्या नखावर पुसायचा, आणि प्रत्येक शब्द हळू आवाजात वाचून मगच त्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारायचा. तीनदा त्याने विचारलं, "गुरुजी, पुसू का?" तिन्ही वेळा मी म्हणालो, "पुसा हो, फुकट आहे."

यंदा तो पुन्हा रंग द्यायला आला. मी ऐटीत पहिलीतल्या एका मुलीला भिंतीपुढे उभं केलं. एरवी तोंड न उघडणाऱ्या तिने चिप्सचं नाव खणखणीत वाचलं. तिला वाचता येतं ते तेवढंच. टाळी मीच वाजवली.

पेंटरने ब्रश नखावर पुसला आणि अहिराणीत म्हणाला, "मी ते पोटकरता करं, गुरुजी. तुम्हीन कसाले करं?"