काट्यावरचा श्यामान

बेटावरच्या इमोरोद गावाला लागून, समुद्राच्या अगदी कडेला विमानतळ. तिथला वजनकाटा गेली सत्तावीस वर्षं श्यामान वोनोंगच्या ताब्यात होता. विमान एकोणीस माणसांचं. कोणाला कुठे बसवायचं ते वजनावर ठरायचं, म्हणून गाठोड्यांबरोबर माणसालाही काट्यावर चढावं लागे. यादीत सगळ्यांची सरकारी चिनी नावं असत. ती बाजूला सारून श्यामान बेटावरची नावं पुकारायचा. नाव खणखणीत, वजन मात्र ओठातल्या ओठात.

"कोणाच्या पोटात किती अळकुड्या गेल्यात ते गावाला कशाला सांगू?" तो म्हणायचा.

श्यामान वोनोंग म्हणजे वोनोंगचा बाप. लेकीच्या डोक्याला झऱ्याचं पाणी लागलं, तिला नाव मिळालं, त्याच सकाळी त्यालाही हे मिळालं. त्याआधीचं त्याचं नाव आता कोणाच्या तोंडात उरलं नव्हतं. त्यालाही ते आठवायला जरा थांबावं लागे.

आता वोनोंग समुद्रापलीकडे तैतुंगच्या इस्पितळात बाळंत झाली होती. उद्याचा दिवस जाणत्यांनी नेमला होता. पहाटे बाळाच्या डोक्याला पाणी लागायचं, की वोनोंग होणार सिनान, अमक्याची आई, आणि श्यामान होणार श्यापेन, अमक्याचा आजोबा. मग 'वोनोंग' म्हणून हाक मारायला बेटावर कोणी उरणार नाही. रीतच ती, आणि आनंदाचीच. त्याची तक्रार नव्हती. फक्त पाणी लागण्याआधी लेकीला समोरासमोर एकदा त्या नावानं हाक मारायची, एवढीच त्याची इच्छा होती, आणि उत्तरेच्या वाऱ्यानं चार दिवस विमान येऊ दिलं नव्हतं.

आज आलं नाही, तर पाणी तिकडेच लागणार. जावई भलता शहाणा. जातानाच झऱ्याच्या पाण्याची बाटली घेऊन गेला होता. त्या शहाणपणाचा श्यामानला मनातून राग आला होता.

वाऱ्याचं खापर सगळ्या गावानं तिकिटाच्या खिडकीवरच्या सिनान मातोयवर फोडलं होतं. चार दिवसांपूर्वी श्यामान कामावर आला, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं होतं, "या, श्यापेन!" बाळाला नाव नाही, आणि आजोबा म्हणून मोकळी! अनितोंचे, त्या भुतांचे, कान तिखट. तासाभरात वारा सुटला.

"मी काय मुद्दाम म्हटलं?" उकडलेली रताळी त्याच्यापुढे सरकवत ती आजही म्हणाली. "जीभ घसरली."

"तुमची जीभ नाही ती, घसरगुंडी आहे," श्यामान म्हणाला. पण त्यानं रताळं घेतलं.

"येईल हो विमान."

"कोणाचं विमान? कोण येतंय?" त्यानं घाईघाईनं छताकडे बघत मोठ्यानं विचारलं. "आम्ही कोणाचीच वाट बघत नाही."

"छे! कोणाचीच नाही," तीही छताला ऐकू जाईल अशी म्हणाली.

दुपार कलली. धावपट्टीवर शेळ्या चरत होत्या. लाटांचे तुषार उडून काचांवर बसत होते आणि दिवाणखान्याएवढ्या त्या दालनात समुद्रच मंद दिव्यासारखा उजेड देत होता. श्यामान काट्याशेजारच्या खुर्चीत बसला. मग त्याचे डोळे मिटू लागले.

तेरा वर्षांची वोनोंग काट्यावर चढली. छत्तीस किलो. शिकायला पलीकडे निघाली होती, पिशवीत सुकवलेले उडते मासे. मग एक्केचाळीस. मग सत्तेचाळीस, केस कापलेली. मग पंचावन्न, लग्न झालेली. दर वेळी त्यानं पुकारावं, "वोनोंग!" आणि तिनं दारातून बाहेर पडून वाऱ्यात नाहीसं व्हावं. झोपेतच त्याला कळलं, की नाव जाणाऱ्याचंच पुकारतात. येणारा नुसता येतो, आपलं गाठोडं उचलतो नि घरी जातो. म्हणजे आजवर आपण जेव्हा जेव्हा ते नाव मोठ्यानं घेतलं, तेव्हा तेव्हा लेकीला घालवलंच. स्वप्नात विमान आवाज न करता लाटांवर उतरलं. त्यातून माणसं उतरली, काट्यावर चढली, आणि काट्यावर शून्यच दिसत राहिलं.

तो दचकून जागा झाला. शेळ्या धावपट्टी सोडून डोंगराकडे पळत होत्या. विमानाची चाहूल माणसाआधी त्यांना लागते. सिनान मातोय खिडकीतून अर्धी बाहेर आली होती. यावेळी तिनं स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता.

विमान दोनदा डगमगत खाली येऊन वर उठलं, आणि तिसऱ्या खेपेला टेकलं. शिडी लागली. पाचव्या नंबरावर पोटाशी बाळाचं बोचकं धरून वोनोंग उतरली, मागे जावई बाटली सांभाळत.

श्यामाननं ध्वनिक्षेपक ओढला.

"वोनोंग!"

सगळं दालन वळून बघू लागलं. "आलेल्याला कोण पुकारतं?" कोणी तरी हसलं. वोनोंग मात्र सवयीनं तडक आली आणि बोचक्यासकट काट्यावर उभी राहिली.

एकसष्ट. तो ओठातल्या ओठात म्हणाला. वारा खाऊन तिचे डोळे लाल झाले होते. की रडून, ते त्याला कळेना. त्यानं ध्वनिक्षेपक खाली ठेवला. मनासारखं झालं होतं.

ती काट्यावरून उतरेना.

"अमा, अजून एकदा म्हणा ना," ती बापाला हळूच म्हणाली. "उद्यापासून मलाही कोणी म्हणणार नाही."

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. चार दिवस तो ते नाव आपलंच समजून बसला होता. त्यानं ध्वनिक्षेपक पुन्हा उचलला. मग तो तसाच ठेवून, तिच्या कानाशी वाकून, तिला झोपवताना म्हणायचा तसं त्यानं ते नाव घेतलं. बाळानं डोळे उघडले.