सरांचा लेप्टोवरचा लेख

काय करतेस असं कोणी विचारलं की मी "रिसर्चमध्ये आहे" म्हणून सांगते आणि पटकन विषय बदलते. डोंबलाचं रिसर्च! मी एका इंग्रजी नियतकालिकात नोकरी करते. मॉलिक्युलर मेडिसिनचं नियतकालिक. म्हणजे शरीरातली जनुकं, प्रथिनं आजारपणात कशी बिघडतात आणि त्यावर उपाय काय, याबद्दलचे शोधलेख छापणारं. निदान वेबसाइटवर तसं लिहिलंय. ते मीच लिहिलंय. "आमचा भर कर्करोग, रोगप्रतिकारशक्ती आणि जनुकीय विकार यांवरील संशोधनावर आहे" हे वाक्य मी दुसऱ्या एका मोठ्या नियतकालिकाकडून उचललं आणि शब्द जरा पुढेमागे केले. खरं विचाराल तर आमचा भर कशावरच नाही. जो फी भरेल त्याचं आम्ही छापतो, मग तो कर्करोगावर लिहो की मुळ्याच्या रसावर.

ऑफिस न्हावा शेव्याच्या रस्त्याला आहे. खाली कंटेनर ट्रान्सपोर्टवाल्यांचं ऑफिस, शेजारी पंक्चरवाला, वरच्या मजल्यावर आम्ही. दिवसभर ट्रेलर जातात आणि टेबलावरचा चहा थरथरतो. आमच्या मालकांना सगळे शेठ म्हणतात. पूर्वी ते कंटेनरची कागदपत्रं क्लियर करून द्यायचे, आता शोधलेख क्लियर करतात. भाषा मात्र तीच राहिली. "मॅडम, वो फाइल का क्या हुआ? अडकवून नका ठेवू. पाच सायटेशन टाकायला सांगा आणि सोडा."

आता सायटेशन म्हणजे काय ते सांगायला हवं. शास्त्रज्ञ लेख लिहितो तेव्हा आधी कोणाकोणाच्या कामाचा आधार घेतला ते लेखाच्या शेवटी देतो. तुमच्या लेखाचा असा संदर्भ जितके लोक देतील तितकं तुमचं वजन. नियतकालिकाचंही तसंच. त्यातल्या लेखांचे संदर्भ इतरांनी जितके घेतले तितका त्याचा इम्पॅक्ट मोठा, आणि इम्पॅक्ट मोठा की लेखकांची रांग लागते. बाकीच्या जगात हा आकडा लोक वाचतात म्हणून वाढतो. आमच्याकडे तो शेठच्या नियमाने वाढतो. लेख छापून हवाय? मग आमच्याच नियतकालिकातले पाच लेख शेवटी जोडायचे. विषय जुळो न जुळो.

नियमाप्रमाणे प्रत्येक लेख बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासायचा असतो. आमच्याकडे ते तज्ज्ञही मीच. "लेख उत्तम आहे. इंग्रजी सुधारावे. खालील पाच लेखांचा संदर्भ घ्यावा." एवढं चिकटवलं की झालं. लेखक निमूट जोडतात. कोणाला बढती हवी असते, कोणाला पीएचडी. आजवर एकानेही उलटून विचारलं नव्हतं की बाबांनो, हे पाच कशाला?

मी उरणला मावशीकडे राहते. आमचं गाव माणगावच्या बाजूला, घरी भातशेती. एमएस्सी करून मी घरी बसले होते तेव्हा आई येताजाता सुस्कारे सोडायची, म्हणून ही नोकरी धरली. मावशीपाशी कधी तक्रार केली तर ती म्हणते, "पंख्याखाली बसून पगार भेटतोय ना? मंग कुरकुर कशाला?" मावशी उन्हात मासे विकते. तिच्यापुढे काय बोलणार कप्पाळ!

गेल्या वर्षी पावसाळा सरत आला होता तेव्हा एक लेख आला आणि लेखकाचं नाव बघून मी खुर्चीत ताठ झाले. माझे सर! कॉलेजात मला बायोकेमिस्ट्री शिकवणारे. हिला एमएस्सीला पाठवा, असं माझ्या बाबांना आमच्या ओटीवर बसून, चहा गार होईस्तोवर समजावणारे. त्यांनी मनावर घेतलं नसतं तर मी कधीच दोनाचे चार करून मोकळी झाले असते.

लेख लेप्टोवर होता. आमच्याकडे लेप्टो समजावून सांगावा लागत नाही. शेतातल्या चिखलात उंदरांचं मूत मिसळतं, लावणी करणाऱ्यांच्या पायाला कुठे खरचटलेलं असलं की तिथून रोग आत शिरतो. ताप येतो. बरेच जण उठून कामाला लागतात, पण काहींच्या किडन्या अचानक बसतात. सरांचा थोरला भाऊ तसाच गेला. साधा ताप समजून गोळ्या दिल्या, आणि मुंबईला हलवेपर्यंत उशीर झाला. तेव्हापासून सरांनी एकच ध्यास घेतला होता: किडनी कोणाची जाणार हे रक्त तपासून आधीच कळेल का? सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांची परवानगी काढायची, पेशंटांना समजावून त्यांच्या सह्या घ्यायच्या, रक्ताचे नमुने बर्फाच्या डब्यात घालून एसटीने मुंबईला न्यायचे, तिथल्या प्रयोगशाळेत ओळखीने थोडा वेळ मागून काम करायचं. कित्येक पावसाळे हेच. तालुक्यातल्या डॉक्टरांनी हा लेख वाचावा आणि असा पेशंट वेळेत पुढे पाठवावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि हा माणूस लेख आमच्याकडे पाठवतो! आमच्याकडे छापला की लेख मेला. एकदा छापलेला लेख खरी नियतकालिकं घेत नाहीत, आणि आमचं पान कुठला शहाणा डॉक्टर उघडत नाही. सरांचा नंबर माझ्याकडे होता. एक फोन, "सर, इथे नका देऊ," बस्स. पण मग ते विचारणार, तुला कसं माहीत? काय तोंडाने सांगणार होते मी? शेवटी मी नेहमीचंच चिकटवलं. लेख उत्तम आहे, इंग्रजी सुधारावे, पाच संदर्भ घ्यावेत. खाली सही संपादक मंडळाची. सरांचं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे.

दुसरा कोणी असता तर पाच लेख जोडून मोकळा झाला असता. सरांनी ते पाचही वाचले! आणि वाचून झाल्यावर, तहसीलमध्ये काम अडलं की आपण कसे समक्ष जाऊन भेटतो, तसे ते वेबसाइटवरचा पत्ता हुडकत, एसटी बदलत थेट ऑफिसात आले. नियतकालिकाच्या ऑफिसात लेखक येऊ शकतो हे शेठच्या कधी स्वप्नातही आलं नसेल.

मी पाठमोरी उभी राहून बाटलीत पाणी भरत होते. आवाजच ओळखला.

"नमस्कार. मी माणगावहून आलोय. तुमची फसवणूक होते आहे, ते सांगायला आलो."

शेठची तंतरली. सरांनी पिशवीतून प्रिंट काढले आणि दोन लेख टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "हा यकृताच्या कर्करोगावरचा, हा फुफ्फुसाच्या. पण पेशींचा फोटो बघा. एकच आहे, इथे उलटा करून लावलाय. मजकूरसुद्धा तोच, अवयव तेवढा बदललाय. कोणीतरी तुम्हाला शेंडी लावलीय हो. अशाने तुमच्या नियतकालिकाचं नाव खराब होईल."

सर चोराच्या घरी जाऊन चोरालाच कुलूप नीट लावा म्हणून सांगत होते. शेठने कपाळावर हात मारून घेतला. "अरे बापरे! सर, बहोत बडा काम किया आपने. इमिजिएट ॲक्शन घेतो." त्यांचं नाटक बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि लगेच मनात आलं, तू कोण मोठी लागून गेलीस?

तेवढ्यात सरांची नजर माझ्यावर पडली. "अगं! तू इथे?"

त्यांचा चेहरा असा फुलला की धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं वाटलं. मी पुढे होऊन पाया पडले, निदान त्यामुळे तोंड खाली घालता आलं. शेठ लगेच सावरले. "अहो, या तर आमच्या असोसिएट एडिटर!" हे पद मला त्या क्षणी मिळालं.

"खरं सांगू का," सर खुर्चीत टेकत म्हणाले, "मी माझा लेख परत मागायला आलो होतो. हे असले लेख वाचून मन उठलं होतं. पण तू इथे आहेस म्हटल्यावर आता मला काळजी नाही."

शेठ माझ्याकडे बघत होते. सरही बघत होते.

"हो सर," मी म्हणाले. "आम्ही नीट बघू."

शेठ खूश. उदार होऊन म्हणाले, "सर, तुम्हाला पाच सायटेशन कंपल्सरी नाही."

सरांना रिक्षापर्यंत पोचवायला मी खाली उतरले. जेमतेम पाच मिनिटांचा रस्ता, धूळ उडत होती, बाजूने ट्रेलर चालले होते. बोलायची हीच वेळ होती हे मला कळत होतं. सर मात्र भावाच्या बायकोबद्दल सांगत होते. "वहिनी सारखी विचारते, भावजी, छापून कधी येणार? तिला त्यातलं काही समजत नाही गं. पण एक प्रत देवापाशी ठेवीन म्हणते." मी त्यांना पाण्याची एक बाटली घेऊन दिली. माझ्याच्याने तेवढंच झालं.

लेख छापून आला. मग सरांचे फोन यायला लागले, महिन्या दीड महिन्याने एखादा. आधी माझ्या घरच्यांची चौकशी करायचे, मग जरा संकोचून विचारायचे, "संदर्भ वगैरे घेतला का गं कोणी? तुला तिकडून दिसत असेल." मला दिसत होतं. शून्य. मी म्हणायचे, "सर, वेळ लागतो अशा गोष्टींना." फोन ठेवला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटायची.

आणि मग मी जे केलं त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. लेखकांना जोडायला लावायच्या पाच लेखांत मी सरांचा लेख घातला. शेठने सांगितलं नव्हतं, मीच घातला. तेव्हा मला ते चांगुलपणाचं वाटलं होतं! इतका कचरा जातोय, त्यात एक खरा लेख गेला तर काय बिघडलं, असं स्वतःला पटवलं. आकडा वाढायला लागला. सरांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज अगदी विशीतल्या पोरासारखा झाला होता. "बघितलंस? परदेशातसुद्धा वाचतायत गं! आत्ताच वहिनीला सांगून आलो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही सांगितलं." मी म्हणाले, "अभिनंदन, सर." तोंड वर करून म्हणाले.

एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कशी आली नाही? जो माणूस आपण कोणाचा संदर्भ घ्यायचा ते वाचून बघतो, तो आपला संदर्भ कोणी घेतला तेही वाचणारच.

रविवारची दुपार होती. मी मावशीच्या ओट्याशी कोलंबी सोलत बसले होते. सरांचा फोन. यावेळी घरच्यांची चौकशी नाही.

"केस गळण्यावरचा एक लेख आहे. त्यात माझ्या लेप्टोचं काय काम?"

मी हातातली कोलंबी खाली ठेवली.

"एक सांधेदुखीवरचा आहे. एक दंतमंजनावरचा. सगळ्यांत वाक्य एकच. 'अलीकडील संशोधनातून हे सिद्ध झाले आहे.' काय सिद्ध झालंय गं माझ्या लेखातून? टक्कल?"

"सर, ते मी घालायला लावले." एकदा तोंड उघडलं आणि मग सगळंच बाहेर आलं. पाच लेखांचा नियम, तज्ज्ञ म्हणून मीच चिकटवते ती वाक्यं, शेठचं नाटक. "तुम्ही वाट बघत होतात, सर. मला बघवेना."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे कोणीच वाचला नाही."

"मी वाचला, सर." हे मी का बोलले देव जाणे. त्यांचा तो आवाज ऐकवत नव्हता म्हणून असेल.

"वाचलास?" त्यांना जरा धीर आल्यासारखं वाटलं. "मग सांग बघू. ज्यांची किडनी गेली त्यांच्या रक्तात काय वाढलेलं सापडलं मला?"

तो लेख माझ्या हाताखालून कितीदा गेला होता. मी त्याचे समास सारखे केले होते, तक्ते जागेवर बसवले होते, संदर्भांना क्रमांक दिले होते. वाचला नव्हता. पहिल्या पानावरचा सारांशसुद्धा नाही. मी तशाच ओल्या हातांनी बाजूला ठेवलेल्या लॅपटॉपकडे सरकले.

"उघडून बघू नकोस," सर म्हणाले.

मी हात मागे घेतला. "नाही वाचला, सर," शेवटी म्हणाले. आता ते चिडतील, फोन आपटतील, मी वाट बघत राहिले. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर माझ्यावर उपकार झाले असते. पलीकडे त्यांनी खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला.

"फोन ठेवू नकोस," सर म्हणाले. "ऐक. निदान एकाला तरी माहीत असू दे." आणि ते पहिल्या पेशंटपासून सांगायला लागले.