दुबईमार्गे कराची

दिवाळीआधी बिबवेवाडीतल्या कुरिअरच्या दुकानात गर्दी होते, म्हणून परदेशी जाणारा फराळाचा डबा मी दुकान उघडतानाच नेते. यंदा माझ्या आधी एक सत्तरीच्या बाई आल्या होत्या. चकल्यांच्या थरांमध्ये कागद घालून त्या झाकण पुन्हापुन्हा दाबून बघत होत्या. पत्ता दुबईतल्या भाच्याचा होता.

"कुणी जाणारं भेटलं की तो पुढे पाठवतो. बहीण कराचीला दिली आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा डबा?"

"जर्मनीला, मुलाकडे. निम्मा तो गाडीने फ्रान्सला बहिणीला देऊन येतो."

"सीमेवर उघडून बघत नाहीत?"

"सहसा थांबवतही नाहीत."

"पण त्यांची तर महायुद्धं झाली होती ना?"

"दोन झाली."

"मग आपली अजून पुरेशी झाली नसावीत."

दुकानदार हसला. त्या हसल्या नाहीत. माझ्या मुलांच्या मध्ये एक सीमा आहे, हे मला तोवर कधी जाणवलंच नव्हतं.

"पोचेपर्यंत चकल्या मऊ पडत असतील?" मी विचारलं.

"ती नाही म्हणते. फोन तोंडाशी धरून चावून दाखवते. आवाज काही येत नाही. मी म्हणते, आला गं ताई, ऐकू आला."