सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

"मतदान पुन्हा घेऊन टाक," म्हणत जासिमसाहेबांनी फाइल मिटली. ते आमचे मॅनेजर. मी टाइमकीपर, म्हणजे कामगारांची हजेरी ठेवणारा. नव्वदीच्या दशकातला जून, आणि बहारीनमध्ये जिदहफ्सच्या बाजूला आमचं लोखंडी बांधकामाचं वर्कशॉप.

प्रश्न उन्हाळी ड्यूटीचा होता. स्ट्रेट ड्यूटी म्हणजे पहाटे पाच ते दुपारी एक. ब्रेक ड्यूटी म्हणजे पाच ते दहा, मग चार ते सात. वर्कशॉपशेजारच्या कॅम्पात राहणाऱ्यांना ब्रेक हवा होता, कारण दुपारी खोलीत आडवं होता यायचं. लांब मनामातल्या हूरा भागात भाड्यानं राहणाऱ्यांना तो नको होता. त्यांना ते सहा तास शेडमध्ये घाम पुसत काढावे लागले असते.

मतदानाची हुशारी माझीच. बऱ्याच जणांना लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येकानं आपला हजेरीचा पितळी बिल्ला बिस्किटांच्या दोनपैकी एका डब्यात टाकायचा. निकाल लागला एकतीस विरुद्ध तीस. स्ट्रेट ड्यूटी जिंकली. लगेच कॅम्पवाल्यांनी कुरकुर सुरू केली, की मोजणी टाइमकीपरनं एकट्यानं केली.

"साहेब, दुसऱ्यांदा घेतलं तर उद्या तिसऱ्यांदा मागतील."

"मफी मुश्किल, कोई प्रॉब्लेम नहीं. इस बार जो जीता, खलास."

या वेळी मोजणी सगळ्यांसमोर करायची ठरली. फोरमन एकेक बिल्ला उचलून नंबर मोठ्यानं वाचू लागला आणि चूक माझ्या लक्षात आली. बिल्ल्यांवर नंबर असतात, आणि वर्कशॉपमध्ये सगळे एकमेकांना नंबरानंच ओळखतात! मीच रोज ते लिहून घेतो, पण इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

"ब्रेक. सत्तेचाळीस."

हूरावाल्यांनी माना वळवल्या. सत्तेचाळीस म्हणजे तुकाराम, संगमेश्वरचा. राहायला हूऱ्यात, अन्वरच्या खोलीत. मंडणगडचा अन्वर आमचा क्रेन ऑपरेटर. तुकाराम त्याचा रिगर, म्हणजे खाली उभं राहून हातानं खुणा करणारा. त्या खुणांवरच क्रेन हलते. निकाल बरोबर उलटा लागला. तीस विरुद्ध एकतीस.

दुसऱ्या दिवशी हूरावाल्यांनी तिसऱ्या मतदानासाठी अर्ज दिला. पहिली सही अन्वरची. अन्वर तुकारामशी बोलेना, आणि क्रेनवर बसला की त्याच्याकडे बघेना. चौथ्या दिवशी एक बीम उचलताना तुकारामनं थांबायची खूण केली, ती अन्वरनं पाहिलीच नाही. बीम फिरला आणि ट्रकच्या फाळक्यावर आदळला. तुकाराम तिथून जेमतेम दोन हात लांब होता. मी दोघांना ऑफिसात ओढत आणलं. भीतीनं माझा आवाज जास्तच चढला.

"पाच वर्षं एका ताटात जेवतो आम्ही," अन्वर मला म्हणाला. "तोंडावर सांगितलं असतं, तर मी काय खाल्लं असतं याला?"

"काय सांगू?" तुकाराम म्हणाला. "अकरानंतर डोळ्यांसमोर अंधारी येते म्हणून? मेडिकलला कळलं तर व्हिसा कॅन्सल! तुझ्या केबिनला पंखा हाय. मी खाली उन्हात हुबा असतो. पयल्यांदा तुमच्यासाठी स्ट्रेटलाच टाकला, पण आता ऊन सोसत नाय."

अन्वर त्याच्याकडे वळला.

"येड्या, मला नाय सांगायचं?" एवढंच म्हणाला. मग माझ्या टेबलावरचा अर्ज ओढून घेऊन त्यानं आपली सही खोडली.

मी जासिमसाहेबांकडे गेलो. अंधारीबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हटलं, ब्रेक ड्यूटी सप्टेंबरअखेरपर्यंत, मध्ये मतदान नाही, आणि दुपारी मेसचा एसी हॉल हूरावाल्यांना झोपायला. ते म्हणाले, "यल्ला, कर." गाद्या कॅम्पवाल्यांनीच आणून घातल्या. पहिल्या दुपारी मी हॉलमध्ये डोकावलो, तर दोन्हीकडचे मिळून पत्ते खेळत बसले होते. मला फार बरं वाटलं.

देशांमध्येही असं फेरमतदान घेतात म्हणे. तिथलं मला कळत नाही. आमच्याकडे एवढं कळलं की हूरावाल्यांना दुपारी पाठ टेकायला जागा हवी होती आणि तुकारामला सावली. हे मी आधी विचारलं असतं, तर डब्यांची गरजच पडली नसती.

पुढेही मी तिथे मतदानं घेतली. निकाल किती महिने टिकणार ते आधी नोटीस बोर्डावर लावायचो, आणि मत द्यायला बिल्ल्यांऐवजी वाटाणे वाटायचो.