बद्द वाजलेलं कौल

टकटक मावशीचं खरं नाव कारखान्याच्या हजेरीपटाखेरीज कुठे उरलं नव्हतं. कौलांच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं एकच काम केलं. भट्टीतून निघालेलं कौल डाव्या तळव्यावर घ्यायचं, उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने दोनदा वाजवायचं आणि कान द्यायचा. खणखणीत वाजलं तर गाडीवर, बद्द वाजलं तर मागच्या ढिगावर. वरून दोन्ही सारखीच लाल. चीर असते ती आत. माणसंही ती अशीच वाजवून घ्यायची, आणि आपला कान चुकत नाही याचा तिला थोडा तोराच होता.

तिचा नवरा माती दळायच्या विभागात होता. छातीत धूळ साठून बावन्नाव्या वर्षी गेला. त्याच्या जागी मुलगा लागला आणि गेल्या वर्षापासून तोही घास घेता घेता खोकायला लागला. तेव्हापासून मावशीला जगात एकच गोष्ट हवी होती, दळणाच्या खोलीत धूळ ओढून घेणारा मोठा पंखा. मालक विचारायचा, कायद्यात लिहिलंय का कुठे? आणि कायदे जिथे लिहितात तिथे वीस वर्षं आप्पा निवडून जात होते.

आप्पा प्रत्येकाच्या मयतीला यायचे. मावशीच्या नवऱ्यालाही त्यांनी खांदा दिला होता, बसायला खुर्च्या पाठवल्या होत्या. पंख्याचं काढलं तेव्हा म्हणाले, वहिनी, नशिबापुढे कुणाचं काय चालतं. खांदा दिलेल्या माणसाला शिव्या तरी कुठल्या तोंडाने द्यायच्या?

या खेपेला आप्पांविरुद्ध शाळेतल्या बाई उभ्या राहिल्या. बावीस वर्षं त्यांनी वस्तीतली पोरं शिकवली होती, मावशीचा मुलगाही त्यांच्याच हाताखालचा. पण बाईंनी नवरा सोडलेला, आणि वस्ती अशी की सोडलेल्या नवऱ्याची चौकशी आधी, बाकीचं मागून. पहिल्या आठवड्यात त्यांनी पत्रकं वाटली. त्यात शोषण होतं, विषमता होती, सर्वसमावेशक विकास होता. जेवणाच्या सुट्टीत त्यावर लोकांनी चटणी वाढून घेतली.

मावशी आयुष्यात पहिल्यांदा न बोलावता कुणाच्या दारात गेली. बाईंसमोर ती जीभ सांभाळून बोलायची. कारखान्यात कुणाला ण म्हणता येत नव्हता अशातला भाग नाही, त्याची गरज पडत नव्हती इतकंच. बाईंच्या दारात मात्र ती प्रत्येक ण जपून ठेवत म्हणाली, "बाई, कागद वाटू नका. जेवणाच्या सुट्टीत या आणि आमच्यात बसा. हक्क म्हणू नका, पंखा म्हणा. नवऱ्याचं कुणी विचारलं तर भाषण करू नका. पटलं नाही, सोडला, एवढंच सांगा."

बाईंनी ऐकलं, हे त्यांचं मोठेपण. त्या रोज येऊन कौलांच्या राशीशेजारी बसू लागल्या. पहिले चार दिवस कुणी बोललं नाही. पाचव्या दिवशी गाडी ओढणाऱ्या एकीने नवऱ्याचं विचारलंच. बाई म्हणाल्या, पटलं नाही, सोडला. त्यावर ती म्हणाली, माझंही पटत नाही, पण तो सुटत नाही. सगळा घोळका हसला आणि त्या दिवसापासून बाई त्यांच्यातल्या झाल्या. पंख्याचं नाव दळणाच्या खोलीतून भट्टीपर्यंत गेलं. मावशीने मनातल्या मनात हिशेब मांडला, वस्तीच्या केंद्रावर नऊशे मतं, पाचशे तरी आपली.

राहता राहिला मुकादम. तो कुणाकडे वळला की त्याच्यामागे दोन पाळ्या वळतात, आणि बायकांचं राजकारण त्याला विटाळासारखं. पण त्याच्या भावाची छातीही धुळीनेच गेली होती. मतदानाच्या दोन दिवस आधीच्या सभेला तो सुनानातवंडांना घेऊन आला, आणि कुणी न सांगता उभा राहिला. जन्मात सभेत न बोललेला माणूस. हात मागे बांधून म्हणाला, "बाई, चाळीस वर्षं मी माती मळतो. दळनाच्या खोलीत नुसतं पानी मारलं तरी निम्मी धूळ बसते. पन पानी मारायला..."

"पाणी," बाई म्हणाल्या.

मायेने म्हणाल्या, हसत म्हणाल्या. बावीस वर्षं वर्गात जसं तोंडातून निघायचं तसं निघून गेलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. फक्त हातात माइक होता.

मुकादम थांबला. घसा साफ करून शाळेतल्या पोरासारखा म्हणाला, "पाणी." मग एवढंच म्हणायचं होतं असं पुटपुटून खाली बसला. त्याची मोठी सून जमिनीकडे बघत राहिली. कुणी हसलं नाही. हसले असते तर निभावलं असतं. बाईंच्या काहीच लक्षात आलं नाही. त्या पुढे इतकं सुरेख बोलल्या की टाळ्याही पडल्या. मावशीच्या कानात मात्र बद्द वाजलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले. वकिलीची परीक्षा पास झालेले आप्पा. ते थेट मुकादमाच्या ओट्यावर टेकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "मुकादम, घोटभर पानी मिळंल का?" ओटा खदखदून हसला. मुकादमाने स्वतः आत जाऊन तांब्या भरून आणला. मावशीला तेही कौल बद्दच वाजलं, पण वाजवून बघायला दुसरं कोण बसलं होतं?

वस्तीच्या केंद्रावर बाईंना एकशे चार मतं पडली. आप्पा आणखी पाच वर्षांसाठी गेले. पेपरात आलं, जनतेचा कौल. मावशीने पेपर उलटा ठेवला.

मत कुणाला दिलंस, असं मुलाला तिने सरळ विचारलं. त्याने लपवलं नाही. "आप्पा खोटं बोलतो ते मला कळतं, आई," तो म्हणाला. "पन त्याच्यासमोर तोंड उघडायची भीती वाटत नाही. बाईंनी मला हाताला धरून लिहायला शिकवलं. अजून त्या दिसल्या की मी रस्ता बदलतो."

"आनि पंखा?"

तो उत्तर द्यायला गेला आणि त्याला ढास लागली. मावशी त्याची पाठ चोळत राहिली. हाताखाली बरगड्या लागत होत्या. पाच वर्षं. त्याच्या बापाला खोकला लागल्यापासून चारच मिळाली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाई आल्या, उन्हातून चालत. ओढलेल्या चेहऱ्याने खुर्चीवर बसल्या. तुझ्या सांगण्यातलं मी काहीच मोडलं नाही, म्हणाल्या, आणि ते त्यांना खरंच वाटत होतं. मग त्यांनी मान वर केली. "मावशी, माझं नेमकं कुठे चुकलं? तू सांग. तू खरं सांगशील."

मावशीने मनात सगळं जुळवलं होतं. पण सांगायचं म्हणजे तो शब्द उच्चारायला हवा, तोही दोन्ही तऱ्हेने, आणि चुकलेल्या माणसाला त्याची चूक दाखवायला हवी. तिला बाईंचा राग आला, कीव आली, आणि आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. ती उठली, माठातून ग्लास भरला आणि तो घेऊन बाईंपुढे उभी राहिली. रोज दहा वेळा तोंडात येणारा साधा शब्द. तो कसा म्हणावा हेच तिला कळेना.

"घ्या," एवढंच ती म्हणाली.